समुद्रावर रेघ ओढणाऱ्यांना

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या परिसंवादांतून एक मांडणी वरचेवर कानावर येते. भूमध्य समुद्राच्या उत्तरेला एक संस्कृती, दक्षिणेला दुसरी. सातव्या शतकातल्या अरब स्वाऱ्यांनी या दोहोंमध्ये रेघ ओढली आणि ती कायमची आहे. युरोपच्या वाटेवर आज स्थलांतरितांच्या होड्या बुडतात त्या ही रेघ ओलांडू पाहतात म्हणून. आधाराला बेल्जियन इतिहासकार आंरी पिरेन यांचं नाव असतं. ही मांडणी मला मुळातच अमान्य आहे, आणि तिच्यासाठी पिरेन यांना वेठीला धरलं जातं याचा मला राग आहे.

पिरेन यांचं ‘मोहम्मद आणि शार्लमेन’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९३७ साली निघालं. जर्मन टोळ्यांनी रोमची सत्ता घेतली, पण रोमचं जग मोडलं नाही, हा त्यातला पहिला मुद्दा. सोन्याचं नाणं चालू राहिलं, कचेऱ्यांत पपायरसवर लिहिणं चालू राहिलं, कारण समुद्र चालू होता. अरबांनी दक्षिण आणि पूर्व किनारा घेतल्यावर तो बंद झाला, गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, पपायरस, मसाले, रेशीम आणि सोनं येईनासं झालं, आणि युरोपचं केंद्र उत्तरेकडे सरकलं, हा दुसरा. या मांडणीत मुख्य भार आहे तो बंदरं, जकात आणि मालावर. रक्त किंवा वंश यांच्यावर तिचा एकही खांब उभा नाही.

तो का नाही, हे समजायला त्यांचं आयुष्य पाहावं लागतं. पहिल्या महायुद्धाच्या पहिल्याच वर्षी त्यांचा मुलगा आघाडीवर मारला गेला. गेंटचं विद्यापीठ जर्मन अमलाखाली पुन्हा सुरू करायला त्यांनी विरोध केला, म्हणून १९१६ साली त्यांना पकडून जर्मनीत नेलं. होल्त्समिंडेनच्या छावणीत त्यांनी रशियन विद्यार्थी-कैद्यांना आर्थिक इतिहास शिकवला आणि रशियन भाषा शिकून घेतली. पुढे एका छोट्या गावात नजरकैदेत असताना, हाताशी ग्रंथालय नसताना, नुसत्या स्मरणावर त्यांनी युरोपचा इतिहास लिहायला घेतला. १९२३ साली ब्रुसेल्सला जगभरचे इतिहासकार जमले तेव्हा अध्यक्षपदावरून त्यांनी वंशाच्या अहंकारावर इतिहास उभारणाऱ्यांना खडसावलं आणि तुलनेची पद्धत धरा असं सांगितलं. पोटचा पोर गमावूनही शत्रूच्या वंशाला दोष न देणाऱ्या या माणसाचं नाव आज कोणी दोन समाजांमध्ये भिंत घालायला वापरत असेल, तर त्याने पिरेन वाचलेले नाहीत.

पण म्हणून पिरेन यांचा सिद्धान्त बरोबर ठरत नाही. त्यांनीच चर्चेला घेतलेला एक कागद पाहू. ७१६ साली फ्रँक राजा दुसरा चिल्पेरिक याने उत्तर फ्रान्समधल्या कॉर्बी मठाला एक जुनी सनद नव्याने दिली. ऱ्होन नदीच्या मुखाजवळच्या फोस बंदरातल्या सरकारी कोठारातून मठाने दरवर्षी काय उचलायचं, त्याची यादी तीत आहे: तेल, ३० पौंड मिरी, १५० पौंड जिरं, लवंगा, दालचिनी, खजूर, पपायरस. मिरी आपल्या मलबारची. अलेक्झांड्रिया ६४२ साली आणि कार्थेज ६९८ साली अरबांच्या हाती गेलं होतं, तरीही ही यादी आहे. ती जुन्या सनदेची नक्कल आहे, माल प्रत्यक्षात येत नव्हता, असं पिरेन म्हणतात. तसं असेलही. पण पोपची कचेरी अकराव्या शतकापर्यंत पपायरसवर लिहीत होती, आणि इजिप्तचा दरवाजा पार बंद असता तर तो मिळाला नसता. उलट बाजूने, उत्तर आफ्रिकेत घडलेली तांबडी भांडी समुद्रापार जाण्याचं प्रमाण अरबांच्या आधीच घटत चाललं होतं, हे उत्खननांतून दिसतं. बायझंटाइन सम्राट जस्टिनियनची युद्धं आणि ५४१ सालापासूनची प्लेगची साथ यांनी समुद्राची रया आधीच घालवली होती.

इथवर येऊन ‘समुद्र जोडतो’ असं म्हणून थांबता आलं असतं. भूमध्य समुद्राचे फ्रेंच इतिहासकार ब्रोदेल यांचं नाव घेऊन आपल्याकडे बहुतेक जण तिथेच थांबतात. मलाही तो निष्कर्ष प्रिय होता, पण त्याला आठव्या शतकातला एक प्रसंग आडवा येतो. पोप झकारियस (७४१–७५२) यांच्या काळात व्हेनिसचे व्यापारी रोममध्ये माणसं विकत घेत होते, आफ्रिकेत नेऊन विकायला. पोपनी व्यापाऱ्यांना पैसे मोजून त्या माणसांची सुटका केली. विकणारे ख्रिस्ती, विकले जाणारे ख्रिस्ती, गिऱ्हाईक समुद्रापलीकडचं मुसलमान. पिरेन यांना जो समुद्र मेलेला दिसला, तो पुढच्या काही दशकांत पुन्हा गजबजला, आणि त्या उलाढालीत युरोपने देऊ केलेला मोठा माल म्हणजे माणसं होती, असं इतिहासकार मायकेल मॅककॉर्मिक यांनी २००१ साली सविस्तर दाखवलं. म्हणजे समुद्राने जोडलं, आणि साखळीने जोडलं. दळणवळण होतं एवढ्यावरून सलोखा होता असं मानणं हा रेघवाल्यांच्या चुकीइतकाच मोठा घोटाळा आहे.

मग सलोखा नव्हताच का? होता. जुन्या कैरोतल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीत सापडलेल्या कागदांवर इतिहासकार श्लोमो गोइटाइन यांनी आयुष्यातली अनेक वर्षं घातली. अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत लिहिलेली ती यहुदी व्यापाऱ्यांची पत्रं: जवस पाठवला, तेल मिळालं, पैसे अमक्याकडे ठेव, मुलाची प्रकृती कळव. अकराव्या शतकात इजिप्त, ट्युनिशिया आणि सिसिली यांच्यात या मंडळींचं रोजचं येणंजाणं होतं. पुढच्या शतकात ट्युनिशियातल्या महदियाचा अब्राहम बेन यिजू थेट मंगळूरला येऊन राहिला. शेकडो कोसांवरच्या, क्वचितच भेटणाऱ्या भागीदारावर विश्वास टाकायचा तर पत्र, साक्षीदार आणि न्यायालय लागतं. ते या लोकांनी उभं केलं होतं आणि राखलं होतं. इथला सलोखा पाण्याने दिलेला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. समुद्र तोडत नाही आणि जोडतही नाही. माणसं तोडतात आणि माणसं जोडतात, आणि दोन्हीचे पुरावे मागे राहतात. ऑक्टोबर २०१३मध्ये लांपेदूसा बेटाजवळ ३६०हून अधिक स्थलांतरित बुडाले. त्यानंतर इटलीच्या नौदलाने वर्षभर मोहीम चालवून एक लाखाहून अधिक माणसं वाचवली, आणि ऑक्टोबर २०१४मध्ये ती मोहीम बंद झाली. त्या वर्षात समुद्र बदलला नव्हता, धर्म बदलले नव्हते. बदलला तो रोम आणि ब्रुसेल्समधला निर्णय. तेराशे वर्षांपूर्वीची रेघ दाखवून या मृत्यूंचा जाब टाळणाऱ्यांना इतिहासाचा आधार मिळत नाही. इतिहास विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: जहाजात कोण होतं, कोणाच्या हुकुमाने ते अडलं किंवा सुटलं, आणि त्यात फायदा कोणाचा झाला? आठव्या शतकाबद्दल हा प्रश्न आपण बेधडक विचारतो. आजच्याबद्दल तो विचारायला कागद कितीतरी जास्त आहेत, आणि उत्तर द्यायला बांधील असलेली माणसं अजून हयात आहेत.