आधी डोळे

गणपतीचा कारखाना पेणचा असो की लातूर-नांदेडचा, डोळ्यांची आखणी शेवटी होते. अंग रंगते, पितांबर-शेला होतो, मग सगळ्यांत तयार हाताचा कारागीर डोळ्यांना कुंचला लावतो. प्राणप्रतिष्ठा त्याच्याही नंतर. काचेच्या पाठीमागून रंगवलेल्या चित्रात मात्र बुबुळातला पांढरा ठिपका सर्वांत आधी, मग बुबुळ, मग चेहऱ्याचा रंग, आणि सगळ्यामागचे आभाळ अखेरीस. कारण पाहणारा पलीकडून, काचेतून पाहणार. चेहरा भरला की डोळा कायमचा झाकला गेला. तो सुधारायचा तर सगळे खरवडायचे.

ही रीत ख्रिस्ती भक्तीत बहरली ती मध्य युरोपात. ट्रान्सिल्वेनियातल्या निकुला गावी 1699 मध्ये मरियेच्या प्रतिमेतून अश्रू वाहिल्याची वार्ता पसरली. यात्रेकरू लोटले, आणि गावकरी त्यांच्यासाठी काचेवर संतांची चित्रे काढू लागले. ऑस्ट्रियातल्या सांडलला घरची माणसे काम वाटून घेत: एकाने रेघ ओढायची, दुसऱ्याने रंग भरायचा. फेरीवाले तो माल पाठीवर वाहून विकत.

अशा चित्रांबद्दल बोलताना खेडुतांच्या भाबड्या श्रद्धेचे गोडवे गायले जातात. मला ते पटत नाही. हा पोटाचा धंदा होता, आणि संतांचे तेच ते चेहरे पिढ्यान्‌पिढ्या टिकले त्यात काचेचाही हात होता. पहिल्याच रेघेत चुकायची सोय नसली की माणूस नवे करून पाहत नाही. नमुन्याचा कागद काचेखाली सरकवतो आणि गिरवतो. परंपरानिष्ठा म्हणून आपण जिला नमस्कार करतो, तिच्यात अशी किती अडचण मुरलेली असते!

गंमत म्हणजे हुबेहूब गिरवले की चित्र उलटे होते. नमुन्यात उजव्या हाताने आशीर्वाद देणारा ख्रिस्त काच फिरवल्यावर डावा हात उचलतो. आपल्याकडे असे झाले तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा व्हायचा, आणि घरात सोवळ्याचे नियम बदलायचे.

आणि काचचित्रे आपल्याकडेही होती. अठराव्या शतकात ही कला चीनमार्गे पश्चिम भारतात आली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचचित्रे आजही पाहायला मिळतात. 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि कागदावरचे स्वस्त देव घरोघर पोचले. युरोपातही रंगीत छपाईने हाच धंदा बुडवला. काच मग भिंतीवर उरली ती चित्राच्या पुढे, धूळ आणि धूर अडवायला. ती तडकली तर फ्रेमवाला नवी बसवून देतो. काचचित्राला ती सोय नाही. रंग काचेत मुरत नाही, नुसता चिकटलेला असतो. ओल लागली की पाठीमागून पोपडे सुटतात, आणि पुढून कितीही पुसले तरी त्याचा उपयोग नसतो.