त्रुन्यान: अग्नीविना अंत्यविधी

बालीतील बातुर सरोवराच्या पूर्व काठावर, आबांग पर्वताच्या पायथ्याशी त्रुन्यान हे छोटे गाव आहे. शेती आणि मासेमारी हा येथील चरितार्थ. गावकरी 'बाली आगा', म्हणजे जावातील मजापाहित राज्याचा प्रभाव पसरण्यापूर्वीच्या चालीरीती जपणारे लोक. पुरा पान्चेरिंग जगत हे त्यांचे मुख्य मंदिर.

उर्वरित बालीत बहुतेक हिंदू मृतदेहाचे दहन करतात. देह पंचमहाभूतांत विलीन करून आत्म्याला मोकळे करणे हा त्यामागचा विचार. त्रुन्यानमध्ये दहन नाही. नैसर्गिक मृत्यू आलेल्या विवाहितांचे देह होडीने स्मशानात नेऊन तारू मेन्यान या सुगंधी वृक्षाजवळ उघड्यावर ठेवतात. वर फक्त बांबूचे त्रिकोणी कुंपण. वृक्षाच्या सुगंधामुळे दुर्गंधी येत नाही, अशी गावाची श्रद्धा आहे. कालांतराने कवट्या दगडी ओट्यावर मांडल्या जातात. लहान मुले आणि अपघातात गेलेले यांना मात्र पुरतात.

मग मुक्तीसाठी अग्नी अनिवार्य आहे का? त्रुन्यानचा आचार हे मानत नाही: विघटनाचे काम वारा, पाऊस आणि माती करतात, आणि पंचमहाभूतांकडे परतणे येथेही घडतेच. पर्यटक या स्मशानाकडे भयाचे प्रदर्शन म्हणून पाहतात, हा गावावर अन्याय आहे. ही विचारपूर्वक जपलेली धर्मरीत आहे.