शिकवणे हेही देणे आहे

जुम्याच्या नमाजनंतर शिरोड्यातील एका गॅरेजमालक बंधूंनी मला विचारले, "मौलाना, पोराला काम शिकवले की तो गोव्याला निघून जातो. पगार मी वेळेवर देतो. हुनर शिकवणेही माझ्यावर बंधनकारक आहे का?"

प्रिय वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मनात हाच प्रश्न असेल. त्यामागची भीती खोटी नाही.

उत्तर देण्यापूर्वी करार पाहावा लागतो. मुलाला 'शिकाऊ' म्हणून कमी मोबदल्यावर ठेवले असेल, तर शिकवणे हा त्याच्या मजुरीचाच भाग आहे. त्याला वर्षानुवर्षे केवळ चहा आणायला लावणे म्हणजे मजुरी बुडवणे होय. करार पूर्ण करण्याची आज्ञा सूरह माइदाच्या आरंभीच आहे. देशाचा १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदाही विद्यावेतनाबरोबर प्रशिक्षणाची जबाबदारी मालकावर टाकतो.

पूर्ण पगारावरील कामगाराचे काय? तेथे शिकवणे कराराने बांधलेले नसेल. परंतु सूरह नहलमध्ये अल्लाहने न्यायासोबत एहसानचीही आज्ञा दिली आहे. पगाराने दिवसाची भरपाई होते. तारुण्याची जी वर्षे तो आपल्याकडे घालवतो, त्यांची भरपाई त्याने मिळवलेल्या योग्यतेनेच होते.

आपल्या गावची मिठागरे पाहा. मीठ वाहणारा मजूर दहा वर्षे मीठच वाहू शकतो. पाणी किती आटले, मीठ केव्हा ओढावे, हे जाणत्या माणसाशेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. ऊन दोघांना सारखेच लागते. पण एकाला काम घडवते, दुसऱ्याला नुसते झिजवते. हा फरक काम वाटणाऱ्याच्या हाती असतो.

हजरत अनस (रजि.) लहानपणीच प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले. दहा वर्षांत 'हे का केलेस' असे आपल्याला कधी दरडावले गेले नाही, असे ते सांगत. चुकीची धास्ती नसलेल्या त्या घरात सेवक पाहत, ऐकत राहिला आणि पुढे हदीसच्या मोठ्या निवेदकांपैकी एक झाला. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना प्रेषितांनी ज्यूंची लिपी शिकण्यास सांगितले आणि शिकल्यावर तो पत्रव्यवहार त्यांच्याकडेच सोपवला.

म्हणून त्या बंधूंना मी म्हटले: काही महिन्यांनी एक नवे काम त्याच्या हाती द्या. चुकला तर गिऱ्हाइकासमोर अपमान करू नका. आयटीआयच्या वर्गासाठी सवड द्या. हुनर वाढेल तसा पगार वाढवा.

तरीही तो गेला तर? काही जण जातीलच आणि आपल्याला तोटा होईल, हे मी नाकारत नाही. मुलानेही ठरलेली मुदत पाळावी; हजरत मूसा (अलै.) यांनी मदयनमध्ये ती पाळली आणि मगच ते निघाले. परंतु जाईल या भीतीने एखाद्याला अडाणी ठेवणे म्हणजे रोजी देणारा अल्लाह आहे, हे विसरणे होय.

आपल्याकडून निघालेला माणूस आला होता त्याहून समर्थ असावा, अशी सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.