पाप कोणाचे?

प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार (वर्ष अ)
शुभवर्तमान : योहान ९:१-४१



आजच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभू येशूला विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभू दोघांनाही दोषमुक्त करतो.

तोच प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आजही विचारला जातो. बाळाच्या डोळ्यांत जन्मतः दोष दिसला की 'ग्रहण पाळलं नाही, विळी हातात घेतली' असे म्हणून बाळंतिणीला बोल लावतात. आईने ग्रहण न पाळल्याने बाळाचे डोळे बिघडत नाहीत. जन्मजात मोतीबिंदू काही घराण्यांत आनुवंशिक असतो. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाल्यानेही होतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही. नात्यातल्या लग्नांमुळे आनुवंशिक दोषांचा धोका वाढतो. कारण शोधणे वेगळे आणि दोषी शोधणे वेगळे. कारण कळले तर पुढच्या बाळाची काळजी घेता येते. दोषी ठरवला तर फक्त एका आईचे मन मोडते.

प्रभू चर्चा करीत बसला नाही. त्याने माती भिजवून डोळ्यांना लावली आणि त्या माणसाला शिलोहच्या तळ्यावर पाठवले. जाणे मात्र त्यालाच भाग होते. आपल्यालाही जावे लागते, आणि वेळेत. बाळाची बाहुली पांढरी दिसत असेल, तीन महिन्यांचे होऊनही ते आईच्या चेहऱ्याकडे पाहत नसेल, डोळे सारखे हलत असतील किंवा मोठे दिसून उजेडात पाणी गळत असेल, तर 'मोठं झाल्यावर बघू' म्हणू नका. पांढऱ्या बाहुलीमागे कधी कर्करोगही असतो. मेंदू पाहायला शिकतो तो पहिल्या महिन्यांत; म्हणून दाट मोतीबिंदूचे ऑपरेशन शक्यतो दोन महिन्यांच्या आत व्हावे लागते. आशाताईंना सांगा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

उशीर झाला असेल तरी आशा सोडू नका. १६८८ साली विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारले होते : जन्मांधाला दृष्टी आली, तर हाताने ओळखीचा असलेला गोळा तो नुसत्या डोळ्यांनी ओळखेल का? शास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात ८ ते १७ वर्षांच्या पाच भारतीय मुलांवर ऑपरेशन झाल्यावर ही परीक्षा घेतली गेली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना लगेच ओळखता आले नाही, पण काही दिवसांतच ती शिकू लागली. पाहणेही शिकावे लागते.

प्रत्येक डोळा बरा होत नाही. पण आपल्या वऱ्हाडातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावूनही शंभरावर ग्रंथ रचून गेले. दृष्टी नाही म्हणून मुलाची शाळा बुडवू नका.

शुभवर्तमानातील आईबाप सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने मुलाच्या बाजूने बोलले नाहीत. आपल्या धर्मग्रामात कोणाही आईबापाला अशी भीती वाटता कामा नये. ज्या घरात असे मूल आहे, त्या घरी या आठवड्यात जा. दोष विचारू नका. दवाखान्यात सोबत कोण येणार, एवढे विचारा. आणि त्या मुलाला रविवारी मिस्सेला घेऊन या.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

– तुमचे प्रमुख धर्मगुरू