घाटाखाली थांबून

महाडहून पोलादपूर सायकलनं फार लांब नाही. अठरा-वीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना डोंगर, अधूनमधून दिसणारं सावित्रीचं पात्र. सवय असलेला माणूस तासाभरात हे अंतर मागे टाकतो. आज मात्र आपण ते सावकाश कापू. लांबच्या सायकलप्रवासात जे प्रश्न मनात सतत घोळत असतात (पाणी पुरेल ना, ब्रेक धरतील ना, पाऊस गाठेल का, रात्री कुठं टेकायचं), ते सगळे या एवढ्याशा पट्ट्यात समोर येतात. घरी खुर्चीत बसून वाचत असाल तरी चालेल. खांदे सैल सोडा, श्वास पुरता बाहेर जाऊ द्या आणि नोव्हेंबरातली सकाळ, महाड एसटी स्थानकाजवळचा रस्ता, कडेला उभी केलेली भरलेली सायकल, एवढं डोळ्यांसमोर आणा.

आधी सामानाकडे पाहा. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकलेल्या पिशव्या मनातल्या मनात उघडा आणि एकेक वस्तू बाहेर काढा. प्रत्येक वस्तूमागे एक भीती आहे. जास्तीचा स्वेटर थंडीच्या भीतीनं आला, बिस्किटांचे पाच पुडे उपासमारीच्या भीतीनं, तिसरा शर्ट लोक काय म्हणतील या भीतीनं. भीतीला नावं ठेवायचं कारण नाही. ती वस्तू हातात धरून फक्त एवढं विचारा, ही मला रस्त्यावर मिळेल का? महाड ते पोलादपूर चहा, पोहे, वडापाव, भाकरी मिळते. पोटासाठी दोन दिवसांचं ओझं चढावर ओढायची गरज नाही. पण आपल्या बारीक चाकाच्या मापाची ट्यूब, तिच्या बारीक व्हॉल्व्हवर बसणारा पंप, चेनची जोडकडी, ब्रेकची रबरं या गोष्टी तालुक्याच्या दुकानात सापडतीलच असं नाही. तिथला कारागीर हुशार असतो, पण त्याच्याकडचं सामान रोजच्या जाड चाकाच्या सायकलींचं. म्हणून रस्ता जे देतो ते त्याच्यावर सोडावं आणि तो जे देऊ शकत नाही ते दोन-दोन न्यावं. ही विभागणी एकदा मनात बसली की पिशव्या हलक्या होतात.

आता पाणी. इथं जास्त वेळ थांबायचं आहे.

पाण्याचा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरच असतो. चढावर तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं, तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पीत राहावं. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो आणि त्याबरोबर मीठही जातं. जलसंजीवनीची पुडी एका लिटर पाण्यासाठी असते, ती एका बाटलीत कोंबू नये. दोन बाटल्या सांगाड्यावर, एक पिशवीत. बाटली अर्धी झाली की पुढच्या पहिल्या घरी किंवा हापशीवर भरून घ्यावी, रिकामी होईपर्यंत थांबू नये. हे सगळं पाठ असतं. पण बाटली पुढे करून आपण "मावशी, पाणी मिळेल का?" असं विचारतो आणि ती "द्या इकडं, हंड्यातलं गार देते" म्हणते, त्या क्षणाकडे आपण कधी नीट पाहतो का?

महाडात असताना ते पाहता येतं. सायकल हातात धरून चवदार तळ्यावर या. पायऱ्यांवर बसा. दोन मिनिटं काही करू नका, नुसतं पाण्याकडे पाहा.

1923 च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, 1928 मध्ये जग फिरून परत आले. वाळवंटं, डोंगर, परके देश, आणि प्रत्येक मुक्कामी कुणाकडे तरी मागितलेलं पाणी. ज्या वर्षी ते निघाले त्याच वर्षीच्या ऑगस्टात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्ये त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. कागदावर. प्रत्यक्षात तिथं जाण्याची कुणाची हिंमत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह या तळ्यावर आले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली, तळं शेण-गोमूत्रानं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. खटला दहा वर्षं चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला तेव्हा 1937 साल उजाडलं होतं. तीन तरुण सगळी पृथ्वी सायकलनं फिरून घरी परतले, त्या काळात या तालुक्यातल्या माणसांना आपल्याच गावच्या तळ्यातलं पाणी पिता येत नव्हतं.

हे इथं बसून मनात येऊ द्या. त्यावर लगेच काही बोलू नका, फोटोही काढू नका. आपण सायकलस्वार पाणी मागतो ते फार सहज मागतो. अंगावर रंगीत जर्सी, डोक्यावर हेल्मेट, नाव-गाव विचारलं तर सांगायला तयार. आपली बाटली कुणी हात न लावता वरून भरली नाही, आपल्याला घराबाहेर उभं ठेवलं नाही. हे सहजपण आपण कमावलेलं नाही. ज्यांनी ते कमावलं त्यांची पाठ इथं फुटली. मी या रस्त्यानं जाताना पाणी भरून घेतल्यावर आभार मानते, बाटलीला लगेच झाकण लावत नाही, तिथंच उभं राहून दोन घोट पिते. देणाऱ्याच्या देखत प्यावं असं मला वाटतं. तुम्ही तुमची रीत ठरवा.

आता महामार्गावर या. मुंबई-गोवा महामार्गाचा हा भाग चौपदरी आहे, बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारे टँकर आणि कंटेनर सारखे चालू असतात. डावी कड धरा, पण अगदी कडेच्या मातीत जाऊ नका. हातभर आत राहिलात तर मागच्या चालकाला तुम्ही दिसता. मागचा लाल दिवा दिवसाही लावून ठेवावा. मोठं वाहन शेजारून गेलं की आधी हवेचा धक्का बसतो आणि पाठोपाठ सायकल आत ओढली जाते. त्या वेळी हँडल घट्ट आवळलं तर सायकल डगमगते. बोटं सैल, कोपर किंचित वाकलेलं, नजर लांब. हे शरीराला शिकवावं लागतं आणि नुसत्या वाचनानं ते होत नाही. दहा ट्रक जाऊ द्या, अकराव्याला खांदे आपोआप खाली येतील.

इथं एखादं पंक्चर ठरलेलंच. मनानंच ते काढू. सायकल रस्त्यापासून दूर, सावलीत उलटी ठेवा. ट्यूब काढून लगेच नवी घालण्याची घाई होते, ती आवरा. आधी टायर आतून चाचपायचा. बोटांची टोकं आतल्या अंगावर टेकवून, अगदी हळू, पूर्ण एक फेरा. बहुतेक वेळा काही लागत नाही. मग उलट दिशेनं दुसरा फेरा. कुठंतरी बोटाला केसासारखं काहीतरी बारीक टोचतं. ती पोलादाची तार असते, फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून निघालेली, भाताच्या कुसाएवढी. बाहेरून ती दिसत नाही. नेलकटरच्या टोकानं तिला पकडून ओढून काढायची, तळहातावर ठेवून पाहायची, आणि त्याच जागी बाहेरून अंगठा फिरवून खात्री करायची. ती तार न शोधता घातलेली नवी ट्यूब दोन किलोमीटरवर पुन्हा बसते. या कामाला दहा मिनिटं लागतात, आणि त्या दहा मिनिटांत मन दुसरीकडे कुठंही जात नाही. ध्यानाला बसून जे मला साधत नाही ते टायरच्या आत बोट फिरवताना साधतं.

पुढे सावित्रीवरचा पूल. पुलावर थांबू नका. ओलांडून, रस्त्याच्या बाहेर जागा पाहून थांबा. इथला ब्रिटिश काळातला दगडी कमानींचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला. कोकणातून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस आणि काही खासगी वाहनं अंधारात नदीत गेली. नवा पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये सुरू झाला. ही नदी उगम पावते वर महाबळेश्वरात, आणि बाणकोटला समुद्राला मिळते. वर कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो, आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर पाण्याला उतरायला वाट राहत नाही. महाडचे लोक म्हणून आपल्या आकाशाबरोबरच घाटाच्या डोक्यावरच्या ढगाकडेही पाहतात. आपणही तसंच पाहायला शिकावं. पावसाळ्यात अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही आणि रस्त्यावरच्या ज्या पाण्याचा तळ दिसत नाही त्यात चाक घालायचं नाही. या दोन नियमांना मी अपवाद करत नाही.

पोलादपूरला चहा घ्या. इथून एक वाट कशेडी ओलांडून खेडकडे जाते, दुसरी आंबेनळी घाटानं वर चढते; वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा, पुढे महाबळेश्वर. एकूण चाळीसेक किलोमीटर आणि जवळजवळ सगळी चढाची. चढाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. हलका गिअर चढ सुरू होण्याआधी टाकावा, पाय गोल फिरत राहावेत, दम लागला तर उतरून चालावं. चालण्यात कमीपणा नाही. पुढचं वळण शेवटचं असेल अशी आशा धरू नये, ते नसतं. श्वास आत, पेडलच्या दोन फेऱ्या. श्वास बाहेर, आणखी दोन. जंगलाचा वास येऊ लागला की समजा तुम्ही योग्य वेगानं चाललाय.

उताराचं मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण पुण्याकडचे पुष्कळजण वाई, पाचगणी करत येतात आणि हाच घाट ते दमलेल्या अंगानं उतरतात. डोळे मिटून हिशोब करा. माणूस, सायकल, सामान मिळून शंभर किलो. हजार मीटर खाली उतरायचं. ही सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा आहे, म्हणजे तीन लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याएवढी. तिचा काही भाग वारा खातो. उरलेली जाते रिममध्ये किंवा डिस्कमध्ये, उष्णता होऊन. जो भित्रेपणानं ब्रेक सतत धरून ठेवतो त्याची रिम तापत जाते, ट्यूबचं ठिगळ सुटतं, कधी ट्यूबच फुटते, तीही ऐन वळणावर. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नेटानं लावून वेग उतरवा, मग सोडून द्या, वाऱ्याला चाक थंड करू द्या. मधे दोनदा थांबा. रिमजवळ हाताची मागची बाजू न्या, स्पर्श करू नका. धग जाणवली तर पाच मिनिटं बसा. बोटं आखडली असतील तर तेवढ्यात तीही मोकळी होतात. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीला निघालेली बस याच घाटातून दरीत गेली. कड्याच्या बाजूनं जाताना त्यांची आठवण ठेवा. वेग आपोआप उतरतो.

राहता राहिला मुक्काम. चार वाजले की त्याचा विचार सुरू करावा, अंधार पडल्यावर नव्हे. महाडात लॉज आहेत, वरंधकडे वळलात तर शिवथरघळीत भक्तनिवास आहे, आणि खेड्यात देवळाच्या सभामंडपात पथारी टाकायची तर आधी गावात विचारायचं. न विचारता टाकलेली पथारी आणि विचारून टाकलेली पथारी यांत झोपेचा फरक पडतो. विचारलं की गाव तुमच्यावर लक्ष ठेवतं.

विचारण्याची ही सवय पावसाळ्यात जीव वाचवते. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत घरं गाडली गेली, आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला, महाड शहर पाण्याखाली गेलं. त्या दिवसापासून इथला माणूस "आज वर जाऊ नका" म्हणतो तेव्हा तो अंदाज सांगत नसतो. नकाशाचं ॲप रस्ता निळा दाखवत असलं तरी त्याचं ऐका आणि सायकल एसटीच्या टपावर चढवा किंवा दिवसभर महाडात थांबा.

जून ते सप्टेंबर आंबेनळी किंवा वरंधा चढायचा असेल तर घाट चालू आहे का, हे आदल्या दिवशी पोलादपुरात किंवा महाडात विचारा. हे घाट पावसात बरेचदा बंद ठेवतात. आणि उतरून खाली आलात, समोरून कुणी लादलेल्या सायकलनं चढायला निघालेला दिसला, तर दोन मिनिटं थांबा. कुठल्या वळणावर खडी पसरली आहे, कुठं दगड आलेत, पाणी शेवटचं कुठं मिळेल, एवढं त्याला सांगा. तो विचारणार नाही, तरी सांगा.