पावसाआधीची शाकारणी

कोकणात वैशाख उतरणीला लागला की घरांची शाकारणी सुरू होते. फुटकी कौलं काढायची, सरकलेली जागेवर बसवायची. गेल्या वर्षी शाकारूनही माजघरात दोन ठिकाणी गळलं, म्हणून यंदा छप्पर तसंच सोडणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. फ्लूच्या लशीबाबत मात्र शिकल्यासवरलेल्या घरांत नेमका हाच युक्तिवाद ऐकू येतो: ‘‘मागे घेतली होती की, तरी सर्दी झालीच!’’

तक्रार खोटी नाही. पडसं आणणारे विषाणू अनेक. ही लस त्यांतल्या फक्त इन्फ्लुएन्झाला अडवते. तेही अर्धंमुर्धं. विषाणूशी लस चांगली जुळली त्या वर्षीसुद्धा आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये लशीत कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. तो अंदाजच, कधी चुकतोही. आपल्या मनात लस म्हटली की देवीची: दंडावर वण उमटला, विषय संपला. त्या मापानं फ्लूची लस तोकडीच ठरणार. पण माप चुकलंय. लस घेतलेल्याला फ्लू झालाच, तर तो न्यूमोनियापर्यंत, अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता घटते. गळणं आणि छप्पर कोसळणं यांत फरक आहे.

दुखणं अंगावर काढण्याचं आपल्याला मोठं कौतुक. पण संसर्गाचं दुखणं एकाच्या अंगावर थांबत नाही. तापात ऑफिस गाठणारा कर्तबगार मुलगा संध्याकाळी दमेकरी आईशेजारी जेवायला बसतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर ही लस देताच येत नाही. गरोदरपणी आईनं घेतलेल्या लशीतून मिळतील ती प्रतिपिंडं आणि भोवतालच्या मोठ्यांनी घेतलेली काळजी, एवढंच त्याचं छप्पर. ‘माझी प्रकृती ठणठणीत आहे’ हे लस न घेण्याचं कारण म्हणूनच अपुरं पडतं.

आता वेळेचं. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो, म्हणून तिथे लस शरदात. आपल्याकडे त्याची मोठी लाट पावसासोबत, जुलै ते सप्टेंबरात उसळते. लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. म्हणजे ती घ्यायची एप्रिल-मेमध्ये, शाकारणीच्याच दिवसांत. शेजारीपाजारी खोकू लागल्यावर दवाखाना शोधणं म्हणजे भर पावसात शिडी लावणं.

२००९च्या ऑगस्टमध्ये पुण्यानं ती धावाधाव अनुभवली. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी या शहरात गेला. नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या. तेव्हा त्या नव्या विषाणूवर लसच नव्हती. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची लस आणली. तो विषाणू आता नेहमीच्या हंगामी फ्लूपैकी एक झालाय आणि दरवर्षीच्या लशीत त्याच्यावरचा घटक असतो. भीती ओसरली, तशी आठवणही.

अर्थात सगळा दोष आठवणीवर ढकलणं सोयीचं होईल. खासगी दवाखान्यात एका डोसला हजार-दोन हजार मोजावे लागतात. चार माणसांच्या घरात तो महिन्याचा किराणा. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. महाराष्ट्र सरकारनं गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांना ती मोफत देण्याचं पाऊल उचललं, ते योग्यच. पण मोफत लस मे महिन्यात गावच्या आरोग्य केंद्रात हजर हवी, आणि ती आपल्यासाठी आहे हे तिथल्या गरोदर बाईला कुणीतरी सांगायला हवं. पूर्वी शाकारणीला वाडीतले हात एकमेकांच्या छपरावर चढत. एकट्यादुकट्याच्या ऐपतीवर सोडलेलं ते काम नव्हतं.