दबा

दौंडला मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मालगाडी यायच्या आधी तांब्यातलं पाणी थरथरायचं. आवाज नंतर यायचा. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे घोडनदीकाठच्या आम्हा पोरांना त्या पाण्याचं भारी अप्रूप. १९९४मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला, तेव्हा मामांनीच शटलने पुण्याला नेऊन दाखवला. पावसात अडकलेल्या गाडीत, पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली आणि मी मामांचा हात घट्ट धरला. पडद्यावर अजून काहीच आलेलं नव्हतं. पण काहीतरी जड येतंय, हे पाण्यानं मला सांगितलं होतं. ती वर्तुळं गिटारची तार छेडून उमटवली होती, हे फार पुढे वाचनात आलं. तरी तो प्रसंग लागला की आजही हात आवळला जातो.

स्पीलबर्गचा तो सिनेमा दोन तासांहून मोठा, आणि त्यात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. उरलेला वेळ सिनेमा दबा धरून बसतो. शेळी बांधलेली असते, मग नुसती साखळी हलताना दिसते. आमच्या भागात बिबट्यासाठी वनखात्याच्या पिंजऱ्यात शेळी बांधतात, तेव्हा अख्खी वस्ती रात्रभर अशीच कान देऊन असते. १९९७च्या दुसऱ्या भागात माणसं उंच गवतात शिरतात आणि वरून फक्त गवत दुभंगत जाताना दिसतं. उसाच्या फडात वाढलेल्या पोराला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही.

म्हणून २०१५मध्ये ‘जुरासिक वर्ल्ड’ने मालिका नव्याने सुरू केली, तेव्हा मी आशेनं गेलो. बेटाचा मालक झालेला इरफान खान पाहून ऊर भरून आला. पण त्या कथेतच असं गृहीत धरलंय की लोकांना डायनासोरचा कंटाळा आलाय, म्हणून प्रयोगशाळेत आणखी मोठं, आणखी हिंस्र जनावर तयार करायचं. याच मालिकेतल्या २०२५च्या ‘रीबर्थ’मध्येही तोच कंटाळा आणि शेवटी सहा हातापायांचं विद्रूप जनावर. वाईट याचं वाटलं, की पटकथा पहिल्या भागाच्याच डेव्हिड केपची होती. नदीकाठी झोपलेला टी-रेक्स आणि त्याच्या नाकाखालून रबरी होडी काढणारी माणसं, हा प्रसंग मात्र जुन्या तोडीचा आहे. तो क्रायटनच्या १९९०च्या मूळ कादंबरीतला, पहिल्या सिनेमात राहून गेलेला. तेवढी मिनिटं मी पुन्हा दहा वर्षांचा होतो.

जुन्या गोष्टीला नवं रूप देण्याला माझा विरोध नाही. नव्या सिनेमांनी जनावर परत आणलं आणि दबा मागे ठेवला, ही माझी तक्रार आहे. यावर सांगतात की आताच्या पोरांनी मोबाइलवर सगळं पाहिलंय, ती अशी घाबरत नाहीत. मला हे पटत नाही. शिरूर तालुक्यात घरोघरी मोबाइलवर बिबट्याच्या सीसीटीव्ही चित्रफिती फिरतात. रोज बिबट्या पाहून भीती मेली का? २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरं. बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागल्या. चित्रफितीतला बिबट्या बघून लोक मोबाइल बाजूला ठेवतात. फडात न दिसणाऱ्या बिबट्यापायी दारं दिवस मावळायच्या आत लागतात.

आणि जनावर खरं असावं लागतं. बिबट्याला भूक असते, वाट असते, पिल्लं असतात. तो वाकलेल्या माणसावर का जातो, याला कारण असतं. ते कळलं की भीतीसोबत समजही येते. पहिल्या ‘जुरासिक’मधला शास्त्रज्ञ मुलांना हेच सांगतो, की हे राक्षस नव्हेत, प्राणी आहेत. आमची विहीर ज्या काळ्या कातळात खोदली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, डायनासोर संपले त्याच सुमाराचा. ती जनावरं या पृथ्वीवर खरोखर चालली होती. त्यांना आणखी दोन हात चिकटवले की ती कुणाचीच राहत नाहीत, त्यांच्या वागण्याला काही धरबंद उरत नाही. मग भ्यायचं तरी कशाला?

‘रीबर्थ’ मी मुलाला घेऊन पाहिला. पुण्याहून परतताना दौंडला मामांकडे थांबलो. ते आता थकलेत, पण सिनेमा कसा होता हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. पोरानं शेवटच्या त्या मोठ्या जनावराचं नावही काढलं नाही, होडीचंच सांगत राहिला. निघायला रात्र झाली. चौफुला मागे टाकलं, न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागला. वारा पडलेला होता. एका कडेची पाती हलली. पोरगं सिनेमाबद्दल बोलत होतं ते थांबलं, आणि हळूच म्हणालं, “पप्पा, काच वर घ्या.”